मोसुलच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं: आधी त्यांची यादी मागवा

प्रश्न थोडक्यात असा. 1990च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांच्या बॅचला इराकमधल्या मोसुलच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं पाठवायची आहेत. बॅचमधली एक भूलतज्ज्ञ 2018मध्ये एका मदतसंस्थेबरोबर तिथे काम करून आली. पडलेली इस्पितळं आणि जळालेलं विद्यापीठ ग्रंथालय तिने डोळ्यांनी पाहिलं. घरोघरी कपाटात पडून असलेली पुस्तकं गोळा केली तर दीड-दोन टन सहज जमतील, शिवाय कॉलेजच्या ग्रंथालयाने काढून टाकलेलीही मिळतील, असा त्यांचा अंदाज आहे. कोणती पुस्तकं घ्यावीत, कशी पाठवावीत आणि परवानग्या काय लागतात, असं त्यांनी विचारलंय.

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलंय. इराक आणि अफगाणिस्तानकडे गेलेल्या पुस्तकांच्या खेपांसाठी याद्या करण्यापासून खोके बांधण्यापर्यंतची कामंही केली आहेत. उत्तर लांबणार आहे, पण यातलं बरंचसं कुठे एकत्र लिहिलेलं सापडत नाही.

डॉक्टर, सगळ्यात आधी एक विनंती. गोळा करायला अजून सुरुवात करू नका. ग्रुपवर ‘जुनी पुस्तकं आणून द्या’ असा निरोप गेला की पंधरवड्यात कुणाच्या तरी गॅरेजात ढीग लागतो. एकदा ढीग लागला की पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याकडे बघून होतो. मोसुलला काय हवंय हे मागे पडतं आणि जमलेलं पोहोचवायचं कसं याचीच चिंता सुरू होते. युद्धात होरपळलेल्या देशांकडे गेलेली निकामी पुस्तकं बहुतेक अशाच ढिगांतून गेलेली मी पाहिली आहेत. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तिथल्या ग्रंथपालाला ती उतरवून घ्यावी लागतात, निवडावी लागतात, ठेवायला जागा शोधावी लागते, आणि भेट आलेली म्हणून टाकून द्यायचीही चोरी.

यादीचा आग्रह मी का धरतोय ते मोसुलचा इतिहास पाहिला की लक्षात येईल. इराकमधलं आधुनिक वैद्यकीय शिक्षण 1927मध्ये बगदादच्या मेडिकल कॉलेजपासून सुरू झालं. हॅरी सिंडरसन हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे पहिले डीन. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, माध्यम इंग्रजी, घडी ब्रिटिश वळणाची. मोसुलचं वैद्यकीय महाविद्यालय 1959मध्ये उभं राहिलं आणि 1967मध्ये मोसुल विद्यापीठ स्थापन झालं. त्यानंतरची दोन दशकं इराकी डॉक्टरांचा अरब जगात दबदबा होता. मग ऑगस्ट 1990मध्ये आर्थिक निर्बंध लागले आणि ते 2003पर्यंत राहिले. त्या तेरा वर्षांत नवी पुस्तकं आणि नियतकालिकं जवळजवळ बंदच झाली. एखादी नवी आवृत्ती कुणाच्या तरी सामानातून देशात यायची आणि तिच्या झेरॉक्स प्रतींवर पुढच्या बॅचेस शिकायच्या. तिथे ‘मलझमा’ म्हणतात, म्हणजे व्याख्यानांच्या टिपणांची झेरॉक्स काढून बांधलेली पुस्तिका. मूळ ग्रंथ न उघडता अशा मलझमांवर परीक्षा द्यायची सवय त्या काळात फार फोफावली आणि ती अजून गेलेली नाही.

2003च्या एप्रिलमध्ये बगदादचं राष्ट्रीय ग्रंथालय लुटलं आणि जाळलं गेलं. पुढच्या वर्षांत डॉक्टर आणि प्राध्यापकांना वेचून मारलं गेलं, पळवलं गेलं. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले. जून 2014मध्ये मोसुल आयसिसच्या हातात पडलं. विद्यापीठाचे वर्ग किर्कुक आणि दुहोकमध्ये उसन्या जागांत भरू लागले. जानेवारी 2017मध्ये विद्यापीठाचा परिसर परत मिळाला तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालयाचा कोळसा झाला होता. जुलैत शहर मुक्त झाल्याची घोषणा होईपर्यंत टायग्रिस नदीच्या पश्चिम तीरावरचा अल-शिफा हा इस्पितळांचा परिसर उद्ध्वस्त झाला होता. म्हणजे विद्यार्थ्यांची पुस्तकंही गेली आणि ज्या खाटांपाशी उभं राहून ते शिकत होते त्याही गेल्या.

हे सगळं 2017चं. त्यानंतर बरंच काही झालं आहे. ‘मोसुल आय’ या नावाने शहरातल्या घडामोडी जगाला कळवणारे इतिहासकार ओमर मोहम्मद यांनी ग्रंथालयासाठी पुस्तकांचं आवाहन केलं. ब्रिटनच्या ‘बुक एड इंटरनॅशनल’ने 2018मध्ये हजारो नवी पुस्तकं पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने इमारत पुन्हा बांधली गेली आणि फेब्रुवारी 2022मध्ये ग्रंथालय उघडलं. तुमच्या मैत्रिणीने पाहिलेलं ग्रंथालय आज तसं राहिलेलं नाही. आज तिथे कशाची उणीव आहे, हे पुण्या-मुंबईत किंवा लातुरात बसून आपल्याला सांगता येणार नाही. ते त्यांनीच सांगायला हवं.

आता यादी कुणाकडून मागवायची ते पाहू. फक्त डीनच्या कार्यालयाला पत्र लिहिलंत तर सौजन्याने उत्तर येईल की सर्व विषयांची सर्व पुस्तकं चालतील. हे उत्तर यादी म्हणून धरू नका. संकटातून गेलेली संस्था दात्याला नाराज करायला घाबरते. म्हणून पत्र डीनना लिहा, पण त्यात महाविद्यालयाच्या ग्रंथपालाशी थेट बोलण्याची परवानगी मागा. खरं काम त्या व्यक्तीबरोबर होतं. इराकमधले ग्रंथपाल काय ताकदीचे आहेत याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. 2003मध्ये बसराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मुख्य ग्रंथपाल आलिया मुहम्मद बाकर यांनी शेजारच्या उपाहारगृहाच्या मालकाला आणि आसपासच्या लोकांना हाताशी धरून जवळपास 30,000 पुस्तकं भिंतीवरून पलीकडे काढली. त्यानंतर काही दिवसांतच इमारत जळाली. अशा माणसांना आपण काय पाठवतोय ते आधी विचारायचं नाही, हे बरं दिसत नाही.

ग्रंथपालाला नेमके प्रश्न विचारा. कोणत्या वर्षाला किती विद्यार्थी आहेत? प्रत्येक विषयासाठी शिक्षक कोणतं पाठ्यपुस्तक नेमतात आणि कितवी आवृत्ती चालते? ग्रंथालयात त्याच्या किती प्रती आहेत? पुस्तकं घरी देतात की तिथेच बसून वाचायची? फडताळं आहेत का? नोंदी संगणकावर आहेत की वहीत? आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: आधी भेट आलेल्यांपैकी कोणती पुस्तकं वापरात नाहीत? याचं उत्तर मिळालं तर तुमचे निम्मे पैसे वाचले. जमलं तर पाचव्या-सहाव्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशीही बोला. शिक्षकांनी नेमलेलं पुस्तक आणि विद्यार्थी खरोखर वाचतात ते पुस्तक यांत किती अंतर असतं, हे तुम्हाला तुमच्या दिवसांवरून माहीत असेलच.

तुमच्या कपाटातल्या पुस्तकांबद्दल मी स्पष्टच लिहितो, कारण इथे रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. 2003 साली छापलेलं औषधशास्त्राचं एखादं चांगलं पुस्तक उघडून पाहा. वेदनाशामकांच्या प्रकरणात रोफेकॉक्सिब हे नवं, पोटाला सोसणारं औषध म्हणून भेटेल. हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून सप्टेंबर 2004मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं, पण पुस्तकाच्या पानावर ते अजून निर्धोकच आहे. त्याच वयाच्या मेडिसिनच्या पुस्तकात हिपॅटायटिस सीला इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिलेली असतील. 2013नंतर आलेल्या तोंडाने घ्यायच्या औषधांनी ते सगळं प्रकरण बदलून टाकलं. 2010आधीच्या पुस्तकात हृदय थांबलेल्या रुग्णाला आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी छातीवर दाब, असा क्रम असेल. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनी छातीवरचा दाब पहिल्या क्रमांकावर आणला. तुम्ही अशी पुस्तकं वाचताना मनातल्या मनात दुरुस्ती करता, कारण दरम्यान पंचवीस वर्षं तुम्ही रुग्ण तपासले आहेत. मोसुलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडे ती दुरुस्ती करणारं कुणी नसेल, कारण तिला शिकवायला हवे होते ते अनेक शिक्षक देश सोडून गेले. शिक्षक कमी असतात तिथे पुस्तक जास्त अचूक असावं लागतं. जुनं पाठवण्यात सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

म्हणून माझा नियम असा: औषधशास्त्र, मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, भूल आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांची चालू आवृत्तीच पाठवायची. एक आवृत्ती मागची, तीही ग्रंथपालाने लेखी ‘चालेल’ म्हटलं तरच. शरीररचना, ऊतिशास्त्र, गर्भविज्ञान हे विषय हळू बदलतात, त्यामुळे शरीररचनेचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला रंगीत ॲटलास, पानं शाबूत असतील तर, जरूर द्या. नियतकालिकांचे सुटे अंक एकही नको. परिषदांमध्ये औषध कंपन्यांनी वाटलेल्या पुस्तिका तर नकोतच.

भारतीय पुस्तकांबद्दल दोन शब्द, कारण तुमची खरी ताकद इथे आहे. आपल्या लेखकांची पाठ्यपुस्तकं इंग्रजीत आहेत, परीक्षेच्या अंगाने लिहिलेली आहेत, आणि पाश्चात्त्य पुस्तकांच्या मानाने स्वस्त आहेत. पण सगळीच तिथे लागू पडत नाहीत. सामाजिक वैद्यकाची आपली पुस्तकं आपल्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांनी भरलेली असतात. इराकचं लसीकरणाचं वेळापत्रक वेगळं, आरोग्यव्यवस्था वेगळी. लेशमॅनियासिस म्हटलं की आपल्या पुस्तकात बिहारचा काळा आजार ठळक येतो. तिथला डॉक्टर रोज पाहतो तो त्वचेचा प्रकार, ज्याला जुन्या ग्रंथांत बगदाद फोडच म्हटलंय. न्यायवैद्यकाची आपली पुस्तकं तर पूर्ण वगळा, त्यातली कलमं आपल्या कायद्याची आहेत. (आणि 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर जुन्या आवृत्त्या इथेही निरुपयोगी झाल्या.) उलट काही गोष्टी आपल्याच पुस्तकांत चांगल्या सापडतात. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर दाखवून दिला, आणि विंचवांचा प्रश्न इराकलाही आहे. साध्या इस्पितळात, थोड्या तपासण्यांच्या आधारावर रुग्ण कसा तपासायचा, हे आपले लेखक मनापासून शिकवतात. अशी रुग्ण-तपासणीची पुस्तकं पर्याय म्हणून सुचवा आणि नमुन्याची चार-पाच पानं तिथल्या शिक्षकांना पाठवा. निर्णय त्यांचा.

एक कायदेशीर बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परदेशी प्रकाशकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्यांच्या मागच्या मुखपृष्ठावर किंवा हक्कांच्या पानावर छापलेलं असतं की ही प्रत फक्त भारत आणि शेजारच्या अमुक देशांत विक्रीसाठी आहे. दान म्हणजे विक्री नव्हे असं म्हणून लोक ती तशीच खोक्यात भरतात. तसं करू नका. प्रकाशकाच्या भारतीय कार्यालयाला पत्र लिहा, कोणत्या महाविद्यालयासाठी, किती प्रती, फुकट वाटप, असं स्पष्ट कळवा आणि लेखी होकार घ्या. माझा अनुभव असा की कारण कळलं की प्रकाशक सहसा अडवत नाहीत, उलट कधी कधी सवलतही वाढवून देतात. भारतीय लेखकांच्या, भारतीय प्रकाशकांच्या पुस्तकांना बहुधा अशी मर्यादा नसते. तरी हक्कांचं पान बघूनच घ्या.

आता प्रतींची संख्या. तुमच्या ढिगात दोन टन भरली तर त्यात हजारभर पुस्तकं असतील, बहुतेक वेगवेगळी, वेगवेगळ्या आवृत्त्यांची. वर्गाला त्याचा उपयोग नाही. दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाने ‘हे प्रकरण वाचून या’ म्हणावं तर त्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती लागतात. मी म्हणेन, वीस शीर्षकं निवडा आणि प्रत्येकाच्या चाळीस प्रती घ्या. आठशे पुस्तकं झाली, सरासरी दोन किलो धरलं तर सोळाशे किलो. वजन जवळपास तुमच्या ढिगाएवढंच, पण यातून शिक्षकाला अख्खा वर्ग शिकवता येतो. आपल्याकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बुक बँक योजना आहे. दोन विद्यार्थ्यांमध्ये पाठ्यपुस्तकांचा एक संच, आणि संचाचं आयुष्य तीन वर्षं धरलेलं. ही योजना मी अनेक वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूने चालवली आहे. खेड्यातून आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात स्वतःचा संच घेऊन वसतिगृहावर जातो, तेव्हा तो वर्गाच्या बरोबरीने सुरुवात करतो. हाच नमुना मोसुलच्या ग्रंथपालाला सुचवा. ग्रंथालयात बसून वाचायच्या प्रती वेगळ्या आणि वर्षभर घरी न्यायचे संच वेगळे. ज्यांची घरंच पडली त्या विद्यार्थ्यांना वर्षभर हातात राहणाऱ्या पुस्तकाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

पैसे कुठून आणायचे? तुमच्याच ढिगातून थोडे येतील. चालू किंवा एक आवृत्ती मागची पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा परळला केईएमच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विकली जातात. बाकीची जवळच्या नर्सिंग, फिजिओथेरपी महाविद्यालयांना विचारून द्या. उरलेली रद्दीत जाऊ द्या, त्यात काही वाईट नाही. मोठी रक्कम मात्र बॅचनेच उभी करायची आहे. कॉलेजच्या ग्रंथालयाने काढलेली पुस्तकं घेणार असाल तर जडसंग्रहातून, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतून, रीतसर निर्लेखन झाल्याचा (नोंद काढून टाकल्याचा) आदेश हातात असल्याशिवाय एकही प्रत उचलू नका. शासकीय मालमत्तेचा शिक्का असलेलं पुस्तक बंदरावर अडकलं तर ग्रंथपालाच्या निवृत्तिवेतनापर्यंत गोष्ट जाते.

माजी विद्यार्थी संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर खर्च तिच्या खात्यातून करण्याआधी सनदी लेखापालाला गाठा. भारतातल्या धर्मादाय न्यासाने उत्पन्न देशाबाहेरच्या कामासाठी वापरलं तर करसवलतीचा प्रश्न येतो, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. अनेक गट ही अडचण टाळायला डॉक्टरांनी वैयक्तिक पैसे घालून पुस्तकं विकत घेणं पसंत करतात. तुमच्या बाबतीत काय योग्य ते लेखापालच सांगेल.

‘आता सगळं पीडीएफ मिळतं, छापील कशाला?’ असं कुणीतरी नक्की विचारेल. टेलिग्रामवर चोरीच्या पीडीएफ इराकी विद्यार्थ्यांकडेही आहेत. पण तिथे वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि 2015पासून अनेक वर्षं शालेय परीक्षांचे पेपर फुटू नयेत म्हणून सरकारने सकाळचे काही तास देशभर इंटरनेट बंद ठेवलं आहे. फोनच्या पडद्यावर हाताच्या नसांची रचना कशी समजते ते तुम्ही स्वतः करून पाहा. शिक्षक आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मात्र डिजिटलच योग्य. त्यांना ताजे शोधनिबंध लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2002मध्ये सुरू केलेली ‘हिनारी’ ही सोय गरीब देशांतल्या संस्थांना नियतकालिकं फुकट किंवा अल्प दरात देते. मोसुलला ती कितपत लागू आहे आणि चालू आहे का, हे ग्रंथपालाला विचारा. नसेल तर नोंदणीला मदत करा, त्याला खर्च काहीच येत नाही.

आता वाहतूक. 2007मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून ‘ऑपरेशन मेडिकल लायब्ररीज’ नावाचा उपक्रम निघाला होता. अमेरिकी सैन्याच्या टपालाने इराक आणि अफगाणिस्तानात पुस्तकं जायची. 2011च्या अखेरीस सैन्य इराकमधून परतलं. दुसऱ्याच्या रस्त्यावर बांधलेली योजना तो रस्ता असेपर्यंतच चालते. आपल्याला साधा व्यापारी मार्ग धरायचा आहे. सोळाशे किलो पुस्तकांना पूर्ण कंटेनर लागत नाही. तीन घनमीटरच्या आसपास माल होतो, तो एलसीएल म्हणून, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर, न्हावाशेव्याहून जातो. इराकचं बंदर उम्म कस्र अगदी दक्षिणेला आणि मोसुल उत्तरेला. मध्ये हजारेक किलोमीटरचा रस्ता आणि वाटेत तपासणी नाके. दुसरा मार्ग तुर्कस्तानच्या मेर्सिन बंदरातून, सीमेवरच्या इब्राहिम खलील नाक्याने दुहोकमार्गे. अंतर कमी, पण वाटेत कुर्दिस्तान प्रदेशाचं प्रशासन लागतं, त्यामुळे कागद दोन ठिकाणी दाखवायची तयारी हवी. कोणता मार्ग घ्यायचा ते मोसुल विद्यापीठाच्या खरेदी विभागाला विचारा, कारण त्यांचा माल नेहमी कुठून येतो हे त्यांना ठाऊक असतं.

माल विद्यापीठाच्या नावे पाठवा, कुणा व्यक्तीच्या नावे नको. जहाजात माल चढण्याआधी इराकच्या उच्च शिक्षण मंत्रालयाचं स्वीकृतीचं आणि शुल्कमाफीचं पत्र विद्यापीठाकडे आलेलं असावं. हे पत्र उशिरा आलं तर बंदरावर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चढतं आणि बघता बघता ते पुस्तकांच्या किमतीच्या वर जातं. इकडे चांगला कस्टम हाउस एजंट गाठा. छापील पुस्तकांचं सीमाशुल्क शीर्षक 4901. इनव्हॉइसवर किंमत शून्य लिहू नका, त्याने संशय वाढतो. खरी किंमत लिहा आणि ‘दान, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट नमूद करा. दानपत्र आणि पॅकिंग लिस्ट इंग्रजी आणि अरबी दोन्हींत करा. पॅकिंग लिस्टमध्ये खोका क्रमांकानुसार शीर्षक, लेखक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन आणि प्रती असाव्यात. हीच एक्सेल फाइल ग्रंथपालाला आधी मेलवर पाठवलीत तर तिथे ‘कोहा’ किंवा जे सॉफ्टवेअर असेल त्यात नोंदी आधीच चढवता येतात आणि पुस्तकं आल्या आठवड्यात वाचकांच्या हाती पडतात.

पॅकिंग पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर गोदामातली दमट हवा कागदात शिरते आणि बंद कंटेनरच्या उष्णतेत बुरशी धरते. पाचपदरी खोके घ्या, प्रत्येकी पंधरा किलोच्या आत. एकट्या माणसाला उचलता आला नाही की खोका आपटला जातो. आत प्लास्टिकचं अस्तर, सिलिका जेलच्या पुड्या, पुस्तकं आडवी, कणा आळीपाळीने उलटसुलट, आणि वरची मोकळी जागा कागदाच्या बोळ्यांनी गच्च. उभी ठेवलीत तर जड पुस्तकांची पानं कण्यातून सुटतात. लाकडी पॅलेटवर उष्णतेच्या प्रक्रियेचा शिक्का असलाच पाहिजे, नाहीतर माल परत येतो. खरेदी करताना बांधणीही बघा. मोसुलच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. नुसत्या सरसावर चिकटवलेली बांधणी दोन उन्हाळे टिकत नाही. जिथे शिवणबांधणीची आवृत्ती मिळते तिथे थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

पुस्तकाच्या आत लेबल लावायचंच असेल तर मुखपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यात छोटं लावा. बॅचचा फोटो, दात्यांची नावं, काही नको. ज्यांना आपण पुस्तकं देतोय त्यांची परंपरा केवढी आहे याचं भान राहू द्या. मोतीबिंदू पोकळ सुईने ओढून काढण्याची पद्धत सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवणारे नेत्रवैद्य अम्मार इब्न अली हे मूळचे मोसुलचे. आणि आपलं पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले होते. त्या रुग्णालयात आपल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. इराककडून आलेलं आपण आधीच घेतलेलं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय, की हेच सुदानसाठी करता येईल का. पुण्यात सुदानी विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकायला येतात, त्यामुळे ही ओढ मला समजते. पण तिथे एप्रिल 2023मध्ये सुरू झालेल्या लढाईने खार्तुमचे वैद्यकीय विद्यार्थी पांगले. 1924मध्ये सुरू झालेलं त्यांचं जुनं महाविद्यालयही त्यातून सुटलं नाही. विद्यार्थी आणि शिक्षक एका जागी बसू लागल्याशिवाय खोके पाठवू नका, ते कुणाच्या तरी गोदामात पडतील. तोवर पांगलेल्या विद्यार्थ्यांसाठी तुमच्यातल्या प्राध्यापकांनी ऑनलाइन वर्ग घेणं जास्त उपयोगाचं. मोसुलसाठीही हे करा. तुमच्या बॅचमध्ये पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी शिकवणारे असतील तर पुस्तकांच्या बरोबरीने महिन्याला एक व्याख्यान कबूल करा.

माल पोहोचल्यावर आभाराच्या पत्रावर थांबू नका. तीन महिन्यांनी दाखल नोंदवहीची पानं आणि सहा महिन्यांनी देवघेवीचे आकडे मागवा. पत्रात सुरुवातीलाच तसं ठरवून घ्या, म्हणजे नंतर मागताना अवघडल्यासारखं होत नाही. चाळीसपैकी कोणती प्रत एकदाही घरी गेली नाही हे कळलं की दुसऱ्या वर्षीची यादी आपोआप सुधारते. दुसरं वर्ष धरूनच पैसे बाजूला काढा, कारण या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या तीन-चार वर्षांत येणारच आहेत.

पहिलं पत्र डीनना या आठवड्यात जाऊ द्या. इंग्रजीत चालेल, सोबत अरबी भाषांतर जोडलंत तर उत्तर लवकर येतं. त्यांची यादी आली की मला पाठवा. आवृत्त्या, हक्कांची पानं आणि बांधणी मी तपासून देईन, मग दुकानदारांकडून दरपत्रकं मागवू.